दुसरा पट्टा कुठून येतो? फळमाशीच्या भ्रूणातला एन्हान्सर शोधून तपासण्याची रीत

एन्हान्सर म्हणजे जनुक कुठे आणि कधी चालू व्हावं हे ठरवणारा डीएनएचा तुकडा. त्यावर काम करायला निघालेली मुलं सगळ्यात आधी लॅपटॉप उघडतात. बडोद्यात एमएससी करणारी काही मराठी मुलं रविवारी सकाळी दांडिया बाजारात माझ्याकडे बसायला येतात. त्यांना पहिलं सांगणं हेच असतं: लॅपटॉप मिटा, आधी भ्रूण बघा. जनुक कुठे आणि कधी चालू होतं हे नजरेत पक्कं बसल्याशिवाय डीएनएच्या अक्षरांत काय शोधायचं ते कळत नाही.

हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. उदाहरण एकच घेतलंय: ईव्हन-स्किप्ड हे जनुक भ्रूणात सात पट्ट्यांत चालू होतं, त्यातला दुसरा पट्टा. नियामक डीएनएचा इतका बारकाईने उलगडलेला तुकडा शोधूनही फारसा सापडणार नाही. रीत मात्र कुठल्याही जनुकाला लागू पडते.

आधी घड्याळ, मग नकाशा

फळमाशीचं भ्रूण साधारण अर्धा मिलिमीटर लांब असतं. अंडं घातल्यावर पहिल्या १३ फेऱ्यांत फक्त केंद्रकं दुभंगत जातात, मध्ये भिंती पडत नाहीत. म्हणजे भ्रूण ही अनेक केंद्रकांची एकच पिशवी असते. चौदाव्या फेरीत पृष्ठभागालगत सुमारे ६,००० केंद्रकं रांगेने बसलेली असतात आणि त्यांच्यामधून पेशींची पटलं आत उतरायला लागतात. २५ अंश सेल्सिअसला ही अवस्था अंडं घातल्यापासून दोन ते तीन तासांच्या दरम्यान येते. ईव्हन-स्किप्डचे सात पट्टे उमटतात ते याच वेळी.

इथे '२५ अंश' हे शब्द महत्त्वाचे आहेत. १८ अंशांना हीच वाढ जवळपास दुप्पट वेळ घेते. बडोद्याच्या मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. तेव्हा माश्या खोलीच्या तापमानाला ठेवल्या तर तासांचा हिशेब चुकतोच, शिवाय ३० अंशांच्या आसपास नर वांझ होऊ लागतात आणि अंडी मिळेनाशी होतात. इनक्युबेटर, त्याच्यामागे इन्व्हर्टर, आणि इनक्युबेटरच्या आत वेगळा थर्मामीटर या तीन गोष्टी नसतील तर उन्हाळ्यात हे काम हाती घेऊ नका. दारावरच्या आकड्यावर मी तरी विसंबत नाही.

घड्याळ लागलं की नकाशा काढायचा. आलेख-कागदावर आडवी रेघ ओढा. डावं टोक डोक्याचं, उजवं शेपटीचं. त्यावर आपल्याला हवा तो पट्टा मांडा. ईव्हन-स्किप्डचा दुसरा पट्टा डोक्याकडून साधारण ४० टक्के अंतरावर येतो. त्याखाली त्या वेळी भ्रूणात कोणकोणती नियामक प्रथिनं कुठे आहेत, ते एकेक करून काढा.

पहिलं बायकॉइड. त्याचा आरएनए आईच अंड्याच्या पुढच्या टोकाला ठेवून देते. त्यापासून तयार झालेलं प्रथिन मागे पसरत जातं आणि दर १०० मायक्रोमीटरला त्याचं प्रमाण एक-तृतीयांशाच्या जरा वर उरतं. सेव-उसळीच्या गाडीपासून चालत निघालं की रश्श्याचा वास जसा विरळ होत जातो, तसाच हा उतार. क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि वोल्फगांग ड्रिव्हर यांनी १९८८ मध्ये तो दाखवला. भ्रूणाची आखणी करणारी बहुतेक जनुकं न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी त्याआधीच हायडलबर्गमध्ये उत्परिवर्तित माश्या चाळून शोधली होती. १९९५ चं नोबेल त्या दोघांना एडवर्ड लुईस यांच्यासोबत मिळालं.

दुसरं हंचबॅक, भ्रूणाच्या पुढच्या अर्ध्या भागात. तिसरं जायंट, त्याचा एक पट्टा पुढे आणि एक मागे. चौथं क्रूपेल, बरोबर मध्यभागी. ही चार रेखाटनं एकाखाली एक आली की दुसऱ्या पट्ट्याच्या जागेवर बोट ठेवा आणि वरून खाली वाचा. बायकॉइड आहे, हंचबॅक आहे, जायंट नाही, क्रूपेल नाही. पुढे सरकलात की जायंट लागतं, मागे सरकलात की क्रूपेल लागतं. पट्टा त्या दोघांच्या मधल्या फटीत बसलेला आहे.

हे काम पेन्सिलीने करावं असा माझा आग्रह असतो. बायकॉइड आणि हंचबॅक तर डोक्याकडच्या मोठ्या भागात आहेत, त्यांच्यामुळे एवढा अरुंद पट्टा उमटणं शक्य नाही, हे कागदावर लगेच दिसतं. जनुक चालू करणारे रुंद भागात पसरलेले असतात. कडा आखून देतात ते बंद करणारे. एन्हान्सर वाचताना जो हजर नाही त्याचाही हिशेब ठेवावा लागतो, आणि नवशिके नेमके तिथेच घसरतात.

कोणतं प्रथिन कुठे आहे याची माहिती फ्लायबेस या फळमाशीच्या जनुकांच्या संग्रहात आणि बर्कलेच्या भ्रूण-चित्रसंग्रहात फुकट मिळते.

आता लॅपटॉप

फ्लायबेसवर जनुक शोधा, आजूबाजूचा डीएनए उतरवून घ्या. ईव्हन-स्किप्ड दुसऱ्या गुणसूत्राच्या उजव्या भुजेवर आहे. त्याचे नियामक तुकडे दोन्ही बाजूंना मिळून साधारण १६ हजार बेसमध्ये, म्हणजे डीएनएच्या तेवढ्या अक्षरांत, पसरलेत. सात पट्ट्यांसाठी पाच एन्हान्सर आहेत: पहिला, दुसरा आणि पाचवा यांना प्रत्येकी एक, तिसरा-सातवा मिळून एक, चौथा-सहावा मिळून एक. दुसऱ्या पट्ट्याचा तुकडा जनुक जिथून वाचायला सुरुवात होते त्याच्या १,१०० ते १,६०० बेस आधी आहे. चौथ्या-सहाव्याचा चक्क जनुकाच्या पलीकडे आहे. म्हणून फक्त आधीचे दोन हजार बेस घेऊन बसू नका, दोन्हीकडे हात लांब पसरा.

सगळ्यात आधी रेडफ्लाय या संग्रहात बघा. तिथे माशीचे तपासलेले नियामक तुकडे नोंदवलेले आहेत. तुमचा तुकडा कोणी आधीच करून ठेवला असेल तर महिन्यांचं काम वाचतं. व्हिएन्नाच्या गटानेही जिनोमचे तुकडे पाडून ७,७०५ माशीवाण तयार केले आणि त्यातले निम्म्याच्या जरा आत भ्रूणात चालतात असं २०१४ मध्ये दाखवलं. त्यातही डोकावा.

मग बंधनजागा, म्हणजे ही प्रथिनं डीएनएवर जिथे बसतात त्या जागा, शोधायच्या. बायकॉइडची ओळखीची जागा टीएएटीसीसी. इथे एका रविवारचा संवाद देतो.

"काका, बायकॉइडच्या आठ-नऊ जागा मिळाल्या. झालं की काम!"

"किती लांबीत बघितल्यास?"

"सोळा हजार बेसमध्ये."

"मग अक्षरं चिठ्ठ्या टाकून मांडली असतीस तरी तेवढ्याच मिळाल्या असत्या."

हिशेब सरळ आहे. चार अक्षरं, सहा घरं, म्हणजे ४,०९६ शक्यता. डीएनएच्या दोन्ही धाग्यांवर बघतो म्हणून सरासरी दर २,०४८ बेसला एक जागा नुसत्या योगायोगाने येणार. सोळा हजारांत आठ. जागा सापडणं हा पुरावाच नव्हे. एकाच छोट्या तुकड्यात वेगवेगळ्या प्रथिनांच्या जागांची दाटी दिसली तर ती विचार करण्याजोगी. दुसऱ्या पट्ट्याच्या किमान एन्हान्सरमध्ये ४८० बेसच्या आत १२ जागा आहेत: बायकॉइडच्या ५, हंचबॅकची १, क्रूपेलच्या ३ आणि जायंटच्या ३. त्याशिवाय क्रूपेलच्या जागा चालू करणाऱ्यांच्या जागांना खेटून, कुठेकुठे त्यांच्यावर चढून बसलेल्या आहेत. आपण वर कागदावर काढलेला हिशेब इथे अक्षरांत लिहिलेला दिसतो.

आणखी दोन खुणा बघाव्यात. एक, त्या वयाच्या भ्रूणात तो डीएनए उघडा आहे का. याची माहिती प्रसिद्ध झालेली आहे, ब्राउझरवर चढवता येते. झेल्डा नावाचं प्रथिन सुरुवातीलाच जाऊन असे भाग मोकळे करून ठेवतं, त्याची जागा सीएजीजीटीएजी अशी असते. सात अक्षरांची असल्यामुळे ती योगायोगाने कमी येते. दोन, इतर फळमाश्यांमध्ये हा तुकडा जपला गेलाय का.

या दुसऱ्या खुणेवर मात्र डोळे मिटून विश्वास टाकू नका. मार्टी क्राइटमन यांच्या गटाने मेलॅनोगॅस्टर आणि स्यूडोऑब्स्क्युरा या दोन जातींचे दुसऱ्या पट्ट्याचे एन्हान्सर घेतले. अक्षरांत बराच फरक, बंधनजागाही काही वेगळ्या, तरी दोन्ही मेलॅनोगॅस्टरच्या भ्रूणात योग्य जागी पट्टा काढत होते. मग एकाचा पुढचा अर्धा आणि दुसऱ्याचा मागचा अर्धा जोडला तर पट्टा बिघडला. म्हणजे प्रत्येक जातीत एका अर्ध्यातला बदल दुसऱ्या अर्ध्याने सावरून घेतलेला होता. अक्षरं जुळत नाहीत म्हणून तुकडा फेकून देणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं.

शेजारचे एन्हान्सर एकमेकांच्या पायात का येत नाहीत

हा प्रश्न मुलं विचारत नाहीत, पण विचारायला हवा. दुसऱ्या पट्ट्याच्या तुकड्यावर जिथे क्रूपेल बसून त्याला बंद करतं, तिथेच जवळ तिसऱ्या पट्ट्याचा एन्हान्सर आपला पट्टा काढत असतो. एकाने बंद म्हटल्यावर अख्खं जनुक बंद का होत नाही?

कारण क्रूपेल, जायंट, नर्प्स यांसारख्या प्रथिनांचा हात आखूड असतो. डीएनएवर साधारण १०० बेसच्या आत बसलेल्या सक्रियकालाच (जनुक चालू करणाऱ्या प्रथिनालाच) ते निकामी करतात. हजारभर बेसवरचा शेजारी एन्हान्सर त्यांच्या आवाक्याबाहेर राहतो. हेअरी हे प्रथिन याला अपवाद, त्याचा हात लांब पोचतो. आणखी एक गंमत आहे: दुसऱ्या पट्ट्याला मदत करणारं हंचबॅकच तिसऱ्या-सातव्या पट्ट्याच्या एन्हान्सरला दाबतं. 'हे प्रथिन चालू करणारं, ते बंद करणारं' अशी यादी भिंतीवर लावून काम होत नाही, कुठल्या तुकड्यावर ते विचारावं लागतं.

प्रत्यक्षात याचा उपयोग असा: तुकडा कापताना कडेच्या बंधनजागांच्या पुढे निदान शंभर-दीडशे बेस जास्त घ्या. कडेची एखादी दाबणारी जागा कापली गेली तर पट्टा रुंदावेल आणि तुम्ही भलताच निष्कर्ष काढाल.

रिपोर्टर बांधणं

रिपोर्टर म्हणजे आपला तुकडा कुठे काम करतो ते दाखवणारी जोडणी. तुकडा ५०० ते १,५०० बेसचा धरा, पीसीआरने उचला. त्याच्यापुढे स्वतःहून काही न करणारा किमान प्रमोटर (जनुकाचं वाचन जिथून सुरू होतं तो भाग), त्यापुढे लॅकझेड हे जीवाणूतलं जनुक. एन्हान्सर उलटा लावला तरी चालतो, नव्हे, एकदा उलटा लावून बघावाच. प्रमोटरचा अंश चुकून तुकड्यात आलेला असला तर तिथे उघडा पडतो.

पूर्वी हे पी-एलिमेंट या उडी मारणाऱ्या डीएनए-तुकड्याने जिनोममध्ये घालत, जेरल्ड रुबिन आणि ॲलन स्प्रॅडलिंग यांनी १९८२ मध्ये दाखवलेली पद्धत. ती कुठेही जाऊन बसते आणि आजूबाजूच्या जनुकांचा रंग पकडते. आता फाय-सी-३१ इंटिग्रेज या विकराने ठरलेल्या एकाच जागी बसवायचं. सगळे तुकडे एकाच जागी बसले तरच त्यांची तुलना करायला अर्थ आहे. एन्हान्सर नसलेलं रिकामं वाणही त्याच जागी हवंच.

इंजेक्शन भ्रूणाच्या मागच्या टोकाला, जननपेशी वेगळ्या पडायच्या आत, म्हणजे पहिल्या तासाभरात द्यावं लागतं. आपल्याकडे सोय नसेल तर बंगळुरूला एनसीबीएसच्या आवारात सी-कॅम्पची फळमाशी सुविधा हे काम करून देते. हौसेने स्वतः सुई ओढायला बसू नका, तो वेळ रंगकामाला द्या. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी मात्र मागवण्याआधीच घ्या.

वाण आलं की आणखी एक इथली अडचण. मे-जूनमध्ये घरोघरी आंब्याच्या साली पडतात आणि बाहेरच्या फळमाश्या प्रयोगशाळेत घुसतात. तुमचं वाण पांढऱ्या डोळ्यांच्या माशीत केलेलं असतं आणि त्यावर मिनी-व्हाइट ही खूण असते, त्यामुळे डोळे बहुतेक पिवळसर ते नारिंगी दिसतात. एखाद्या बाटलीत अचानक विटकरी लाल डोळे दिसले तर ती बाटली वेगळी काढा. माश्यांचं खाद्य साधंच: मक्याचं पीठ, गूळ किंवा साखर, यीस्ट, अगर, आणि बुरशी येऊ नये म्हणून निपाजिन व प्रोपिऑनिक आम्ल. पावसाळ्यात निपाजिनमध्ये काटकसर करू नका.

भ्रूण गोळा करणं आणि रंगवणं

सफरचंदाच्या किंवा द्राक्षाच्या रसात अगर घालून ताटल्या करा, मध्ये यीस्टचा लगदा. माद्या तयार अंडी पोटात धरून ठेवतात, म्हणून पहिल्या तासाची ताटली सरळ टाकून द्या. मग एक तास अंडी घालू द्या, ताटली काढून दोन तास २५ अंशांना ठेवा. दोन ते तीन तास वयाची भ्रूणं मिळतील.

भ्रूणं ब्रशने जाळीत घ्या, धुवा, घरगुती ब्लीच आणि पाणी समान घेऊन त्यात दोन-तीन मिनिटं ठेवा. वेळ मोजत बसण्यापेक्षा सूक्ष्मदर्शकाखाली बघा: अंड्याच्या पुढच्या टोकाला दोन पांढरी शिंगं असतात, ती विरघळून गेली की बाहेरचं कवच गेलं. लगेच भरपूर पाण्याने धुवा.

काचेच्या बाटलीत अर्धं हेप्टेन, अर्धं ४ टक्के फॉर्माल्डिहाइड. भ्रूणं दोन थरांच्या मध्ये तरंगतात. वीस-पंचवीस मिनिटं हलवत ठेवा. खालचा थर पिपेटने काढून टाका, तेवढंच मिथेनॉल घाला आणि अर्धा ते एक मिनिट जोरात हलवा. आतलं पटल फुटून भ्रूणं तळाशी बसायला लागतात. जी बसली ती कामाची, मध्ये अडकली ती सोडून द्या. मिथेनॉलने दोन-तीनदा धुऊन उणे २० अंशांना ठेवलीत तर महिनोन्‌महिने टिकतात. हे सगळं धूरकपाटातच करायचं.

रंगवायचा तो लॅकझेडचा आरएनए, प्रथिन नव्हे. बीटा-गॅलॅक्टोसिडेज प्रथिन जनुक बंद झाल्यावरही बराच वेळ रेंगाळतं, मग कालचा पट्टा आजचा वाटतो. डिगॉक्सिजेनिनने खूण केलेला प्रोब (त्या आरएनएला जाऊन चिकटणारा तुकडा), ५० टक्के फॉर्मामाइडमध्ये ५५ ते ६० अंशांना रात्रभर. दुसऱ्या दिवशी भरपूर धुणं, प्रतिपिंड, पुन्हा धुणं, आणि जांभळा रंग. दुसऱ्या नळीत उलट्या दिशेचा प्रोब ठेवा, तिथे रंग यायला नको. ज्या वाणांची तुलना करायची ती एकाच दिवशी, एकाच प्रोबने रंगवा आणि रंग एकाच मिनिटाला थांबवा. तरीही या जांभळ्या रंगावरून 'किती पट' असं बोलू नये. जागा कळते, प्रमाण नाही. प्रमाण हवं तर प्रकाशमान प्रोब वापरा. जिवंत भ्रूणात बघायचं तर एमएस२ पद्धत आहे. २०१३ पासून ती माशीच्या भ्रूणात वापरली जाते आणि जनुक सलग न चालता झटक्या-झटक्याने चालतं हे तिच्यात डोळ्यांना दिसतं.

काचेवर काय बघायचं

आधी मागचं टोक ओळखा: तिथे गोल जननपेशींचा छोटा पुंजका बाहेर आलेला असतो. मग वय: पृष्ठभागावरून आत उतरणारं पटल केंद्रकांच्या लांबीच्या किती खाली पोचलंय ते बघा. पटल नुकतंच सुरू झालेल्या भ्रूणात पट्टा रुंद आणि पुसट असतो, खाली पोचेपर्यंत तो आवळत जातो. वेगवेगळ्या वयाची भ्रूणं शेजारी ठेवून 'या वाणात पट्टा रुंद आहे' म्हणणं ही नेहमी दिसणारी चूक.

त्याच भ्रूणात ईव्हन-स्किप्ड दुसऱ्या रंगाने रंगवा. रिपोर्टरचा पट्टा खऱ्या दुसऱ्या पट्ट्यावरच बसतो का, हे त्याशिवाय कळत नाही. आणि मागे सातव्या पट्ट्याच्या जागी फिकट रंग दिसला तर घाबरू नका. दुसऱ्या पट्ट्याचा तुकडा तिथे थोडं काम करतो, हे आधीपासून माहीत आहे.

जागा मोडून बघणं

पट्टा जागेवर आला म्हणजे तुकडा पुरेसा आहे इतकंच सिद्ध झालं. हिशेब बरोबर आहे का हे बघायला एकेक जागा मोडायची. त्याआधी स्वस्तातला प्रयोग करून घ्या: रिपोर्टर क्रूपेल किंवा जायंट नसलेल्या भ्रूणांत आणा. मात्र एक प्रथिन गेलं की शेजारची प्रथिनंही सरकतात, म्हणून यावर थांबता येत नाही.

डुशान स्टॅनोयेविच, स्टीव्ह स्मॉल आणि माइक लेव्हिन यांनी १९९१ मध्ये नेमकं हेच केलं. जायंटच्या जागा मोडल्या, पट्टा पुढे पसरला. क्रूपेलच्या मोडल्या, मागे पसरला. सक्रियकाची एखादी मोक्याची जागा मोडली तरी पट्टा बराच फिका पडतो. जायंटच्या जागा मोडूनही पट्टा डोक्याच्या टोकापर्यंत जात नाही. तिथे स्लॉपी-पेअर्डसारखे आणखी पहारेकरी आहेत, हे नंतरच्या कामात दिसलं. तुमच्या तुकड्यातही असा उरलेला, न पटणारा भाग दिसेल. तो झाकू नका, तिथूनच पुढचा प्रयोग निघतो.

जागा मोडताना दोन-तीन अक्षरं बदला, बेस काढून टाकू नका, नाहीतर उरलेल्या जागांमधलं अंतर बिघडतं. आणि बदललेल्या तुकड्यात बंधनजागा पुन्हा शोधून बघा, नकळत नवीन जागा तयार झालेली असू शकते.

शेवटी तोच तुकडा मूळ जिनोममधून क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या पद्धतीने काढायचा. पुष्कळदा काहीच बिघडलेलं दिसत नाही आणि विद्यार्थी खट्टू होतो. अनेक जनुकांना एकाच कामाचे दोन एन्हान्सर असतात, दुसऱ्याला शॅडो एन्हान्सर म्हणतात. एक काढला तर दुसरा निभावून नेतो, निदान २५ अंशांना. स्नेल या जनुकात एक एन्हान्सर काढलेली भ्रूणं ३० अंशांना वाढवल्यावर गडबडली. शेव्हनबेबीमध्येही १७ आणि ३२ अंश अशा टोकाच्या तापमानांतच फरक उघड झाला. म्हणून 'काही परिणाम नाही' असं वहीत लिहिण्याआधी तेच वाण १८, २५ आणि ३० अंशांना लावा, सोबत न कापलेलं वाण त्याच शेल्फवर ठेवा. तिन्ही तापमानांना गोळा करण्याचे तास वेगळे धरा आणि वय घड्याळावरून नाही तर पटलाच्या खोलीवरून जुळवा.